होडीची पावसाळी सुट्टी आणि रंगाची हिफाजत

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांना विणीसाठी सवड मिळावी आणि खवळलेल्या दर्यात माणसे जाऊ नयेत, हा या बंदीचा हेतू. रत्नागिरीचा राजिवडा आणि मिरकरवाडा, राजापूर तालुक्यातले साखरीनाटे अशा ठिकाणी आपली कितीतरी घरे होडीवर जगतात. माझ्या वर्गात नाखवांची मुले आहेत, तांडेलांची आहेत आणि खलाशांचीही. जून उजाडला की या मुलांच्या बोलण्यात एकच विषय असतो: होडी वर घेतली का, शाकारली का, काम कोणते काढले?

या दोन महिन्यांत कामे पुष्कळ असतात. जाळी विणायची, इंजिन खोलायचे, बर्फाचा कप्पा दुरुस्त करायचा. रंगाचा नंबर मात्र नेहमी शेवटी लागतो. जुलै संपत आला की उरलेल्या पैशात, उरलेल्या दिवसांत, पावसाची उघडीप पाहून घाईघाईने दोन हात मारले जातात. होडी पाण्यात जाताना नव्या नवरीसारखी दिसते आणि दिवाळीच्या सुमारास रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. पैसे गेले, मेहनतही गेली. हे टाळता येते. त्यासाठी महागड्या रंगापेक्षा कामाचा क्रम आणि वेळ सांभाळणे जास्त महत्त्वाचे आहे.

रंग म्हणजे होडीचे कातडे

माणसाच्या कातडीला खरचटले की जखम चिघळते. होडीचेही तसेच आहे. तिच्या अंगाला तीन गोष्टी सतत लागत असतात: ऊन, मीठ आणि समुद्रातले जीव.

उन्हाने रंगातला चिकटपणा जळतो. मग त्यावर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. खारे पाणी वाळले की मिठाचे कण मागे राहतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून मिठाचा हात लागलेली जागा कधी पुरती कोरडी होत नाही. अशा जागेवर रंग चढवला तर त्याच्याखाली पाणी कोंडले जाते आणि फोड येतात.

तिसरा शत्रू पाण्याखालचा. आधी तळाला बुळबुळीत शेवाळ धरते, मग टोकदार पांढरे शंख चिकटतात. शास्त्रात त्यांना बार्नेकल म्हणतात. दिसायला ते शिंपल्यासारखे, पण कुळ खेकड्या-कोळंबीचे. असा खडबडीत झालेला तळ पाण्याला अडतो, होडी जड चालते आणि तेवढाच पल्ला गाठायला डिझेल जास्त जळते. लाकडी होडीला आणखी एक धोका असतो. लाकूड पोखरणारा समुद्री जीव हा तिसऱ्या-कालवांच्या कुळातला. तो आत शिरतो तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढे भोक पाडतो आणि आत लांबच लांब पोकळी करतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि एक दिवस हाताने मोडते. त्याला आत शिरू न देणारी पहिली भिंत म्हणजे अखंड रंग.

वाडवडिलांचे उपाय

डब्यातला रंग येण्याआधीही दर्यावर्दी होडीच्या अंगाची काळजी घेतच होते. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ साली हजला निघाला, तेव्हा त्याने तांबड्या समुद्रातल्या जहाजांचे वर्णन लिहून ठेवले. ती जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसून नारळाच्या काथ्याने शिवलेली होती. त्यांना तूप, एरंडेल किंवा शार्क माशाचे तेल चोपडत, आणि त्यात शार्कचे तेल सर्वांत उत्तम मानले जाई. आपल्या कोकणातही माशाचे तेल, राळ आणि चुना यांचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत आला. काजूच्या टरफलांचे काळे तेलही लाकडाला लावत. ते लाकडाला राखते, पण अंगावर सांडले तर फोड येतात, म्हणून जुनी माणसे ते जपून हाताळत.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे जगभर नावाजली गेली. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आज २०० वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सागाच्या अंगात तेल असते हे खरे. पण देखभालीशिवाय सागसुद्धा इतकी वर्षे टिकत नाही.

इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. तांब्यामुळे तळाला जीव चिकटेनात. पण दोन वर्षांनी पाहिले तर जिथे तांबे लोखंडी खिळ्यांना लागले होते, तिथे लोखंड कुजून गेले होते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. समुद्र ते तुकडे खाई आणि तांबे वाचे. आज आपल्या होडीच्या सुकाणूजवळ आणि पंख्याजवळ जस्ताची जी वडी बसवतात, तिचे मूळ याच प्रयोगात आहे. ती वडी झिजण्यासाठीच असते. तिच्यावर रंग मारला तर ती निकामी होते. रंगारी पोरांना हे आधीच बजावून सांगावे. वडी निम्मी झिजली की बदलावी.

खरी अडचण पावसाची

इतर देशांत होडी वर घेतात ती थंडीत, आणि रंगवतात ती कोरड्या हवेत. आपल्याकडे होडीला सुट्टी मिळते तीच धो धो पावसात, आणि ओल्या अंगावर रंग धरत नाही. म्हणून कामाचे तीन भाग पाडावेत.

पहिला भाग मे अखेरचा. ज्यांना जमेल त्यांनी बंदीची तारीख येण्याआधी चार-आठ दिवस होडी वर घ्यावी. वर घेतल्याच दिवशी, शेवाळ आणि शंख ओले असतानाच तळ खरवडावा. वाळले की तेच काम तिप्पट कष्टाचे होते. शंख उडाला तरी त्याची पांढरी चकती मागे राहते. तीही काढलीच पाहिजे, नाहीतर नवा रंग तिथूनच सुटतो. मग सगळी होडी गोड्या पाण्याने दोनदा धुवावी. गावात मे महिन्यात पाण्याची टंचाई असते हे मान्य, पण मीठ निघाल्याशिवाय पुढचे सगळे वाया आहे. निदान पहिल्या पावसाचे पाणी तरी अंगभर घासून घ्यावे.

दुसरा भाग जून आणि अर्ध्या जुलैचा. हा दुरुस्तीचा काळ. होडी शाकारताना पूर्वी झाप वापरत, त्यातून वारा खेळायचा. आता प्लॅस्टिकचा कागद थेट होडीवर टाकून दोरीने आवळतात. खाली वाफ धरते आणि दोन महिने होडी घामाघूम राहते. कागद आणि होडी यांच्यात हातभर अंतर राहील असा बांबूचा सांगाडा करावा आणि दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवावीत.

लाकडी होडीबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाचे गोडे पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वाईट. मिठाच्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही, गोड्या पाण्यात मात्र झपाट्याने वाढते. म्हणून होडी ठेवताना नाळ, म्हणजे पुढचे टोक, थोडे उंच ठेवावे, मागचे बूच काढून ठेवावे आणि आत पाणी साचू देऊ नये.

तिसरा भाग जुलैच्या अखेरचा, म्हणजे वरचे हात आणि तळाचा रंग. उघडीप मिळाली तरी सकाळी लवकर रंग मारू नये. रात्रीचे दव अंगावर असते. दहा वाजेपर्यंत ऊन-वारा लागू द्यावा आणि दुपारी तीन-चारच्या आत थांबावे, म्हणजे संध्याकाळचा दमटपणा येईपर्यंत रंग धरतो. अंग कोरडे आहे की नाही याची शंका असेल तर रात्री वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने होडीला डकवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबावे.

लाकडी होडी

आधी हातोडीच्या दांड्याने फळी फळी वाजवून पाहावी. धडधाकट लाकूड टणक वाजते, कुजलेले बद्द वाजते. पठाणाचा, म्हणजे तळाच्या मधल्या तुळईचा, तपास विसरू नये. ती टेकूंवर बसलेली असते, म्हणून टेकू एकदा पुढेमागे सरकवून दबलेली जागा उघडी करावी. कुजका भाग पटाशीने काढून सुताराकडून नवे लाकूड बसवावे. वरून लांबी भरून झाकलेली कूज आतल्या आत वाढत राहते.

फळ्यांच्या फटींत जुना कापूस निसटला असेल तर काढून नवा भरावा. उन्हात फार तापलेल्या होडीच्या फटी रुंद होतात आणि पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते. फट दगडासारख्या कडक लांबीने ठासून भरली तर फुगलेली फळी तिला बाहेर ढकलते. म्हणून फटीत जरा लवचीक राहणारा मसालाच हवा. मग पॉलिश पेपर, मग लाकडात मुरणारा पहिला पातळ हात, मग वरचे हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात टिकतात.

फायबरची होडी

फायबरला काही करावे लागत नाही, हा गैरसमज आहे. फायबरच्या होडीची वरची गुळगुळीत चकाकी म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. तिच्याखाली काचतंतू असतात. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा भांड्यांची खरखरीत घासणी वापरली की हा थर ओरखडतो आणि आत पाणी शिरायला वाट मिळते.

पाण्याच्या वरच्या भागाची काळजी सोपी आहे. धक्क्यावर आल्यावर गोड्या पाण्याचा शिपका, आणि महिन्यातून एकदा सौम्य साबण व मऊ फडके. चकाकी गेली असेल तर वर्षातून एकदा बारीक घासणीची पेस्ट आणि त्यावर मेणाचा हात. पेस्टने थोडा थर झिजतोच, म्हणून दर महिन्याला चकाकीच्या हौसेने घासत बसू नये. आणि जिथे रंग मारायचा आहे तिथे मेण अजिबात लावू नये. मेणावर रंग बसत नाही. जुने मेण असेल तर ते आधी काढावे लागते.

तळाला मोहरीएवढे किंवा त्याहून मोठे फोड दिसले तर ते आत पाणी शिरल्याचे लक्षण आहे. फोड टोचला की सिरक्यासारखा आंबूस वास येतो. आतले पाणी दाबाखाली असते, डोळ्यांत उडू शकते, म्हणून टोचताना चष्मा घालावा. फोड उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, कित्येक दिवस वाळवून मग इपॉक्सीची लांबी भरावी. इथे दोन महिन्यांची सुट्टी खऱ्या अर्थाने कामी येते.

तळाचा रंग

पाण्याखालचा रंग वेगळा असतो. त्यात बहुधा तांब्याचे संयुग असते. ते हळूहळू पाण्यात उतरते आणि जीवांना चिकटू देत नाही. तांबे जड असल्याने डब्याच्या तळाशी बसते. वरचा पातळ रंग मारला आणि खालचा गाळ टाकून दिला, तर आपण औषध फेकून नुसते पाणी प्यायल्यासारखे झाले. काठीने तळापासून पाच-दहा मिनिटे ढवळावे. रंग पुरवायचा म्हणून त्यात थिनर ओतू नये. पाण्याच्या रेषेला, नाळेला आणि सुकाणूला एक जादा हात द्यावा, कारण तिथे पाणी जास्त घासते. लोखंडी भागांवर आधी त्यांचा स्वतःचा प्रायमर हवा, तांब्याचा रंग थेट लोखंडाला लागू नये. ‘अलार्म’ जहाजाचा धडा इथे आठवावा. ॲल्युमिनियमच्या होडीला तर तांब्याचा रंग मुळीच चालत नाही.

हा रंग सर्वांत शेवटी मारायचा. मारल्यानंतर किती तासांनी आणि किती दिवसांच्या आत होडी पाण्यात जावी, हे डब्यावर लिहिलेले असते. तो मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला तो वाचून वहीत मराठीत उतरवायला सांगा. शिकलेल्या मुलांचा घराला असाही उपयोग व्हावा.

होडीबरोबर माणसांचीही हिफाजत

जे विष शंखांना मारते, ते आपल्यालाही सोडत नाही. १९७० च्या दशकात तळाच्या रंगात टीबीटी नावाचे कथिलाचे संयुग सर्रास वापरले जाई. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत त्यामुळे कालवांची पिल्ले जगेनात आणि शिंपले वेडेवाकडे होऊ लागले. कालवांवर जगणारी घरे संकटात आली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्या रंगाला बंदी घातली. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ पासून लागू आहे. आपल्या खाडीतूनही आया-बहिणी तिसऱ्या वेचतात आणि त्या आपल्याच ताटात येतात. म्हणून खरवडलेला रंग खाडीत झाडून टाकू नये. होडीखाली ताडपत्री अंथरावी, कचरा गोळा करून पोत्यात बांधावा.

दुसरे विष शिशाचे. होडीला आणि लोखंडाला लावायचा तो जुना लाल-केशरी प्रायमर म्हणजे शिशाचा शेंदूर. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण हा नियम घरगुती रंगांपुरता आहे, आणि जुन्या होडीच्या अंगावर तर कित्येक वर्षांचे थर असतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते. त्यामुळे काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारत ओला घासावा. तोंडाला बांधलेला रुमाल धुळीचे बारीक कण अडवत नाही, नाकावर घट्ट बसणारा धुळीचा मास्क घ्यावा. घासकाम चालू असताना मुलांना होडीखाली खेळू देऊ नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. हात-तोंड धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नये. थिनर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये. होडीच्या बंद कप्प्यात रंग मारताना एक माणूस आत असेल तर दुसरा बाहेर हवाच, कारण वाफेने शुद्ध हरपते. आणि सर्वांत महत्त्वाचे घरच्या बायकांसाठी: होडीच्या काढलेल्या रंगीत फळ्या चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. रंगातले शिसे धुरातून आणि राखेतून घरात येते. जळण फुकट मिळाले असे वाटते, पण त्याची किंमत मुले मोजतात.

पैशाची तजवीज

रंगाचे काम शेवटी का राहते, याचे खरे कारण आळस नसते. जूनमध्ये घरात कमाई बंद आणि खर्च चालू असतो. शाळेची फी, वह्या, छपराची डागडुजी सगळे त्याच वेळी येते. मग उधार घ्यावे लागते. उधार देणारा पुढच्या मोसमात मासळीचा भाव स्वतः ठरवतो आणि वर्षभराची मेहनत त्याच्या हाती जाते. रंगाच्या काही डब्यांसाठी हा फार महागडा सौदा आहे.

समजा, एका होडीला वर्षाकाठी रंग आणि अंगाच्या दुरुस्तीला ४०,००० रुपये लागतात. ऑगस्ट ते मे असे दहा महिने होडी चालते, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. डिझेल आणि बर्फाचा खर्च जसा प्रत्येक फेरीतून आधी बाजूला काढतात, तसाच होडीचाही हिस्सा काढावा आणि तो घरातल्या जबाबदार बाईच्या हाती द्यावा. आपल्या घरांत पैसा जपायची हातोटी बहुधा तिच्याकडेच असते.

त्याबरोबर होडीची एक वही ठेवावी. होडी कधी वर घेतली, कोणती फळी बदलली, कोणत्या कंपनीचा कोणता रंग, किती डबे, किती हात, जस्ताची वडी कधी बसवली आणि पुढच्या वर्षी वर घेतली तेव्हा तळ कसा निघाला, एवढे लिहून ठेवले तरी पुरे. दोन-तीन वर्षांत ती वहीच सांगू लागते की कोणता रंग आपल्या पाण्यात टिकतो आणि कोणता नुसता दिसायला चांगला. ही नोंद वडिलांनी सांगावी आणि मुलांनी लिहावी. यंदा होडी वर घेतली असेल तर पहिले पान आजच लिहायला घ्या.